हजेरी तिची, हात आमचे

गिरगाव,
२३ नोव्हेंबर १९९८

गुणवंती साटम यांना नमस्कार.

मी मृणालिनी दिघे, आरोग्य पथकाची समाजसेविका. यादी करायला मी तुमच्या चाळीत दोनदा आले होते. पहिल्यांदा तुम्ही रात्रपाळी करून झोपला होतात आणि दुसऱ्यांदा ड्युटीवर होतात, म्हणून तुमचं नाव आणि वय सासूबाईंना विचारून लिहिलं. तरी तुम्ही आठवणीने चौदा तारखेला काळाचौकीच्या शिबिराला आलात, याचं मला फार बरं वाटलं होतं.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंना तुमच्या डाव्या स्तनात वरच्या बाजूला एक गाठ हाताला लागली. त्यांनी तुम्हाला तसं सांगितलं आणि बुधवारी, अठरा तारखेला, परळच्या हॉस्पिटलात बोलावलं. मी साडेआठपासून दारात उभी होते. तुम्ही आला नाहीत. नंतर चाळीत आले, तर सासूबाई म्हणाल्या की तुम्ही ड्युटीवर आहात. त्यांच्यापाशी मी गाठीचं काही बोलले नाही.

घाबरू नका. बहुतेक गाठी साध्या असतात. पण ही साधी आहे की नाही ते नुसत्या हाताला कळत नाही, सुईने आतलं थोडं काढून तपासावं लागतं. इंजेक्शनाइतकंच दुखतं. मात्र महिनेच्या महिने थांबून चालणार नाही. साधी नसली, तर आज थोडक्यात निभावेल ते पुढे निभावणार नाही. कोणत्या बुधवारी येता ते कळवा. माझा पत्ता घातलेलं अंतर्देशीय सोबत ठेवलं आहे.

तुमची वाट बघणारी,
मृणालिनी दिघे


लालबाग,
२७ नोव्हेंबर १९९८

मृणालिनीबाई,

तुमचं पत्र पोचलं. सासूबाईंना काही बोलला नाहीत हे उपकार झाले. त्यांना वाचता येत नाही, पण पाकीट कोणाचं आणि कशाचं हे अख्ख्या मजल्याला कळेपर्यंत त्यांना चैन पडत नाही. विम्याचं आहे म्हणून सांगितलं.

मी ठणठणीत आहे. दादरला प्रसूतिगृहात आयाचं काम करते, दर आठवड्याला पाळी फिरते. या बुधवारी जमणार नाही, पुढच्याही नाही. राग मानू नका.

दोनतीन गोष्टी विचारायच्या होत्या. गाठ दुखत नसेल तरी सुई लावावीच लागते का? किती दिवस थांबलं तर चालतं, नक्की सांगा. आणि हॉस्पिटलात कार्डावरचं नाव तपासून बघतात का, रेशनकार्ड मागतात का? सहज विचारते. ओळखीतल्या बायका विचारतात.

तुम्ही आमचे तीन जिने दोनदा चढलात. निवडणुकीतली माणसं सोडली तर आमच्यासाठी एवढं कोणी चढत नाही. ते मी विसरणार नाही.

गुणवंती साटम


गिरगाव,
२ डिसेंबर १९९८

गुणवंतीबाई,

आज बुधवार. तुम्ही येणार नाही म्हणालात, म्हणून मीच दादरला तुमच्या प्रसूतिगृहात आले. नर्सला तुमचं नाव विचारलं. तिने चादरींची टोपली घेऊन चाललेल्या एका बुटक्या, गोऱ्या, चष्मेवाल्या बाईकडे बोट दाखवलं. मी माझं नाव सांगितल्यावर तुम्ही "आत बाळंतीण आहे" म्हणून गेलात, त्या तासभर बाहेर आला नाहीत.

शिबिरात ज्यांचं कार्ड मी भरलं त्या बाई उंच होत्या. सडपातळ, अर्धे केस पिकलेले, उजव्या हाताच्या बोटांना चिरा पडलेल्या. त्या तुम्ही नव्हतात.

मला कोणाची तक्रार करायची नाही. मला फक्त कळायला हवं की त्या बाई कोण आहेत. गाठ त्यांच्या अंगात आहे आणि कार्ड तुमच्या नावाचं आहे. जातोय तो प्रत्येक बुधवार त्यांचा जातोय. मी पुन्हा येऊन तुम्हाला अवघडवणार नाही. पण उत्तर लिहा.

मृणालिनी


लालबाग,
४ डिसेंबर १९९८

मृणालिनीबाई,

तुम्ही बाकावर बसला होतात तो तासभर मी आत एकाच रिकाम्या खाटेची चादर चार वेळा बदलली. बाळंतीण कोणी नव्हती. आता लपवून काय करू.

तिचं नाव शेवंता. शिवडीला राहते. संपाआधी आम्ही दोघी एकाच गिरणीत, सूत गुंडाळायच्या वाइंडिंगखात्यात होतो. मी कायम आणि ती बदली. बदली म्हणजे पाळी लागायच्या आधी गेटवर येऊन उभं राहायचं. कोणाचा खाडा पडला तर तिच्या जागी काम, नाही तर घरी. शेवंता अशी अकरा वर्षं उभी राहिली. आमच्या खात्यावर देखरेख करणारी नायकीण दर दिवाळीला म्हणायची, यंदा तुला कायम करते. मग ब्याऐंशीचा संप आला, गिरणी बंद पडली, आणि कायम करायला कोणी उरलंच नाही.

माझ्या धाकटीच्या वेळी रजा संपली तरी मला उभं राहवेना. तेव्हा तीन आठवडे शेवंता माझ्या मशीनवर उभी राहिली, माझ्या नावावर. हजेरी माझी, हात तिचे. नायकिणीला माहीत होतं, सगळ्या खात्याला माहीत होतं. आमच्यात त्याला कोणी चोरी म्हणत नसे. आज मी तुझी, उद्या तू माझी, असंच चालायचं.

तर चौदा तारखेला माझी सकाळपाळी होती. "गैरहजर राहू नका" असा निरोप तुम्ही सासूबाईंकडे ठेवला होतात. मला वाटलं, ही बाई दोनदा जिने चढून गेली आणि आता आपल्या नावापुढे खाडा पडणार. शेवंता शिवडीच्या गोदामात सुपारी निवडायला जाते, तिची पाळी दुपारी तीनची, सकाळ मोकळी असते. मी म्हटलं, माझ्या नावावर जाऊन ये. ती म्हणाली, बरं. तपासणार आहेत ते अंग, ते काही मशीन नव्हे, हे आम्हा दोघींच्या डोक्यात क्षणभरही आलं नाही. आता लिहिताना माझं मलाच हसू येतं, आणि रडूही येतं.

परत आल्यावर ती म्हणाली, सगळं नीट आहे. मी विश्वास ठेवला. मग तुमचं पत्र आलं, आणि मला तर कोणी तपासलंच नव्हतं. तशीच उठून शिवडीला गेले. ती मेथी निवडत होती. मी पत्र वाचून दाखवलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "कार्डावर नाव तुजं हाय. मंग गाठ बी तुजीच." आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

तेव्हापासून मी रोज जाते. रागावून झालं, पाया पडून झालं. ती म्हणते, गोदामात एक खाडा झाला की जागा गेली, दारात दहाजणी उभ्या असतात. ते खरं आहे. तिचा नवरा कोंडीराम संपानंतर गावी गेला तो तिथेच वारला, मूलबाळ नाही, तिचं पोट तिच्याच हातावर आहे. पण खरं कारण निराळं आहे. ती घाबरली आहे. आणि त्यात दुसरी भीती मीच घातली, की खोट्या नावाने तपासून घेतलं म्हणून आपल्या दोघींवर केस होईल.

शिक्षा असेल तर ती माझी. माझ्या नावावर गेली नसती तर ही गाठ कोणालाच कळली नसती, म्हणून देवाचे आभार मानते. आणि आता त्याच नावामागे ती लपून बसली आहे. बाई, तिला बाहेर काढायला मला मदत करा.

तुमची अपराधी,
गुणवंती


गिरगाव,
७ डिसेंबर १९९८

गुणवंतीबाई,

कसली केस नाही आणि कसली शिक्षा नाही. आधी हे शेवंताबाईंना जाऊन सांगा, मग पुढचं वाचा.

तुमचं पत्र वाचून मी पहिल्यांदा चिडले. मग वही काढली. कार्डावर वय चव्वेचाळीस आणि समोर बसलेली बाई पन्नाशी ओलांडलेली. मी मान वर करून नीट पाहिलं असतं तर तिथेच कळलं असतं. दुसरं म्हणजे, पाळ्यांवर जगणाऱ्या वस्तीत मी शिबिर ठेवलं सकाळी अकराला. तेव्हा रात्रपाळीवाली झोपलेली असते आणि सकाळपाळीवाली कामावर. वर निरोप ठेवला की गैरहजर राहू नका. मी हजेरी मागितली आणि मला हजेरी मिळाली. माझे वडील जन्मभर ऑफिसात मस्टर सांभाळत होते. आई म्हणते, ते तुझ्या अंगात उतरलंय. तिचं म्हणणं मला यापूर्वी पटलं नव्हतं.

बुधवारी सोळाला त्यांना घेऊन या. मी नवं कार्ड काढलं आहे, नंबर दोनशे बारा. त्यावर अजून एक अक्षर लिहिलेलं नाही. नाव त्यांनी स्वतः सांगायचं, मग मी लिहीन. सुईबरोबर छातीचा फोटोही काढतात, त्यामुळे सगळा दिवस जाईल. गोदामातल्या खाड्याचं काय करायचं, ते मात्र मला सुचत नाही.

मृणालिनी


लालबाग,
११ डिसेंबर १९९८

मृणालिनीबाई,

खाड्याचं मला सुचलं. सोळाला तिच्या जागी मी बसणार.

गोदामाच्या मुकादमाला, गंगाधरला, विचारून आले. तोही आमच्याच गिरणीतला, पूर्वी रंगखात्यात होता. तो म्हणाला, सुपारी निवडून झाली म्हणजे झालं, हात कोणाचे ते मला दिसत नाही.

मग शेवंताकडे गेले. सांगितलं, तुझ्या नावावर मी सुपारी निवडते, पण तुझ्या नावावर तू तपासून घे. मग तिने विचारलं, "तुला सुपारी निवडता येती का?" तेव्हा मी ओळखलं की ही येणार.

आता एक मागणं आहे. सकाळी माझी ड्युटी आणि तीनपासून गोदाम, मला हॉस्पिटलात असता येत नाही. तिच्याजवळ तुम्ही बसाल का, माझी बदली म्हणून? ती फार बोलत नाही. कोणी हात धरला तर शांत राहते, नाही तर पदराची किनार उसवत बसते.

गुणवंती


गिरगाव,
२२ डिसेंबर १९९८

गुणवंतीबाई,

तुमची बदली मी नीट केली की नाही ते शेवंताबाईंनाच विचारा. सव्वासातला त्या दारात उभ्या होत्या, माझ्याही आधी. गेटवर उभं राहायची सवय आहे म्हणाल्या.

खिडकीवरच्या कारकुनाने नाव विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोरं कार्ड आणि पेन हातात धरून थांबले. मागे रांग कुरकुरायला लागली. मग त्या म्हणाल्या, "शेवंता कोंडीराम शेलार. माजंच नाव हाय." कारकुनाने वर पाहिलंसुद्धा नाही, पण कार्डावर ते नाव लिहिताना माझं अक्षर हललं. पुढे दिवसभर मी त्यांचा हात धरून होते. पदराची किनार शाबूत आहे.

काल रिपोर्ट आला. गाठ साधी नाही, कॅन्सर आहे. असं काही पत्रातून कळवू नये. पण मी आज त्यांना समोर बसवून सांगितलं, तेव्हा त्याच म्हणाल्या की गुणवंतीला तुम्ही लिहा, मला तोंडाने सांगवणार नाही. डॉक्टरांचं म्हणणं, गाठ लहान आहे आणि वेळेत सापडली आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन, मग तीन-तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध, पाचसहा महिने.

ऐकून त्या रडल्या नाहीत. एकच प्रश्न विचारला, एवढे खाडे कोण भरणार?

मृणालिनी


लालबाग,
९ मार्च १९९९

मृणालिनीताई,

तुम्हाला ताई म्हणते. वयाने लहान असलात तरी आता बाई म्हणवत नाही. आपण भेटतो ते हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर, दोन मिनिटं, मी येताना आणि तुम्ही जाताना. म्हणून आज निवांत लिहायला बसले.

एवढे खाडे कोण भरणार, असं ती म्हणाली होती ना. वाइंडिंगच्या जुन्या बायका मी शोधून काढल्या. चंपा काळाचौकीला डबे करते, ती सोमवार-मंगळवार. राधाबाईला आता नातवंडं आहेत, ती बुधवार-गुरुवार. उरलेले दिवस मी, आणि माझी दुपारपाळी असली की माझी थोरली. सतरा वर्षांनी आमच्या खात्याची पाळी लागली. सुपारी निवडताना आम्ही ओरडून ओरडून बोलतो, कारण मशीनच्या आवाजात बोलायची सवय अजून गेलेली नाही. गंगाधर म्हणतो, बायांनो, इथे शांतता आहे, मला सगळं ऐकू येतं. शेवंताच्या नावापुढे एक खाडा नाही. हजेरी तिची, हात आमचे.

डावी छाती काढली, पण काखेत पसरलं नव्हतं, हे तुम्हाला माहीतच आहे. तुम्हाला माहीत नाही ते सांगते. पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा ती आरशात बघत राहिली आणि म्हणाली, "बरं झालं, मी त्याच कुशीवर झोपते." मी हसले, आणि जिन्यात जाऊन पोटभर रडले. केस गेले तेव्हा सासूबाईंनी तिला सुती टोपी शिवली. हो, सासूबाईंना सगळं कळलं, म्हणजे मजल्याला कळलं. मी कपाळावर हात मारला होता. पण झालं असं की मजल्यावरच्या चौघी येऊन हळूच विचारून गेल्या, पुढचं शिबिर कधी? चौघी पाळीवाल्या.

शेवंताचं म्हणणं, सकाळी साडेसहाला आणि दुपारी साडेतीनला ठेवा, पाळी लागते-सुटते तेव्हा. आणि एक दिवस नको, दोन आठवडे ठेवा. पाळी फिरली की प्रत्येकीला एक तरी वेळ साधते. अकरा वर्षं गेटवर उभी राहिलेली बाई आहे, बायका कधी आत जातात आणि कधी बाहेर येतात ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

ताई, माझी बदली म्हणून एक दिवस बसा म्हटलं होतं. तुम्ही प्रत्येक सलाइनला बसता. याचे आभार कसे मानायचे ते आम्हाला येत नाही. सासूबाई म्हणतात, तिला सांग, जिने चढून ये, पुरणपोळी करते.

तुमची,
गुणवंती


गिरगाव,
१५ मार्च १९९९

गुणवंतीताई,

साडेसहा आणि साडेतीन, पाच एप्रिलपासून दोन आठवडे. डॉक्टरीणबाई आधी म्हणाल्या, साडेसहाला कोण येणार? मी म्हटलं, तुम्ही या, बायका आलेल्या असतील.

आभाराचं म्हणाल तर मीच तुम्हा सगळ्यांची ऋणी आहे. मी या वस्तीत वर्षभर फिरले, पण खाडा या शब्दाचा धसका किती मोठा असतो ते मला तुमच्या पत्राने कळलं. पुरणपोळीला येते.

पण आज लिहायचं कारण वेगळं आहे. काल कार्डं लावताना एकशे अठरा नंबर हातात आलं. गुणवंती लहू साटम, वय चव्वेचाळीस. तपासणी झाली, असं त्यावर माझ्याच अक्षरात आहे. ते मी खोडलं. ताई, चार महिने तुम्ही दुसरीसाठी धावलात आणि अजून तुम्हाला कोणीही तपासलेलं नाही. तुमच्या लक्षातच आलं नाही, की लक्षात येऊन गप्प बसलात?

हे मी शेवंताबाईंना सांगितलं आहे. पुढचं त्या बघतील.

मृणालिनी


शिवडी,
१५ जानेवारी २००४

मृणालिनीताईंना शेवंताचा नमस्कार.

हे पत्र मी लिहिते. तुम्ही नाशिकला गेल्यापासून माझी पत्रं गुणवंती लिहायची. लिहिण्यात ती माझी बदली. आता राधाबाईच्या नातीने मला शिकवलं. चुका असतील त्या पोटात घाला.

ऑपरेशनला पाच वर्षं झाली. काल डॉक्टरनी तपासलं. काही नाही. म्हणाले, आता वर्षातून एकदाच या. मी विचारलं, म्हणजे मी कायम झाले का? त्यांना काही कळलं नाही, पण हसून हो म्हणाले. बाहेर गुणवंती बसली होती. तिला सांगितलं, मी कायम झाले. ती सगळ्यांसमोर रडली. मीपण रडले.

गुणवंतीचं तुम्हाला खरं कधी सांगितलं नाही. त्या एप्रिलात ती शिबिराला यायलाच तयार नव्हती. ड्युटी आहे, ड्युटी आहे. मला घाबरताना बघून तीपण घाबरली होती. मग मी दादरला प्रसूतिगृहात गेले. डोक्यावर केस नव्हते, सासूबाईंची टोपी होती. मेट्रनला म्हटलं, हिच्या जागी मी चादरी बदलते, हिला सोडा. मेट्रन टोपीकडे बघत राहिली आणि सोडलं. गुणवंती जाऊन आली. तिला काही नव्हतं. डावा हात तेव्हा वर जात नव्हता, मी एका हाताने अकरा खाटा केल्या होत्या. तेव्हापासून दर एप्रिलला मी तिच्या चादरी बदलते आणि ती तपासून येते.

शिबिर अजून साडेसहालाच असतं. दारात मी बसते. मागच्या वेळी एक बाई आली, हातात दुसरीचं कार्ड. म्हणाली, ती कामावर आहे, मी तिच्या नावावर आले. मी तिला परत पाठवलं नाही. तिला तिच्या नावाचं कार्ड करून दिलं आणि आत सोडलं. जिचं कार्ड होतं तिला दुपारी साडेतीनला गेटवरून घेऊन आले.

माझं कार्ड फार मळलंय. खिडकीवरचा म्हणाला, मावशी, नवं देतो. मी नको म्हटलं. तुमचं पत्र गुणवंतीने मला तेव्हाच वाचून दाखवलं होतं. माझं नाव लिहिताना तुमचं अक्षर हललं होतं. आता मला वाचता येतं, म्हणून काल मी ते बोट ठेवून बघितलं. शेलारमधला ला हललाय.

शेवंता कोंडीराम शेलार
कार्ड नंबर दोनशे बारा